अभिप्राय द्यावा, पण कसा?

मराठीत 'टीका' हा शब्द मोठा गमतीचा आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवाश्याला ज्ञानेश्वरांनी गीतेवर जो ग्रंथ सांगितला, ती टीकाच. मोरोपंतांच्या 'केकावली'वर गेल्याच्या गेल्या शतकात दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 'यशोदापांडुरंगी' लिहिली, तीही टीकाच. आणि आमच्या निरवांगीच्या पारावर एखाद्याबद्दल "तो लई टीका करतो" असे कोणी म्हटले, तर त्याचा अर्थ तो माणूस उठसूट दुसऱ्याच्या खोड्या काढतो असा होतो. एकाच शब्दाच्या पोटात हे दोन अर्थ कसे नांदले असतील? पहिल्या अर्थाची टीका दुसऱ्याचे बोलणे उकलून दाखवते, ज्याला ते कळले नाही त्याच्यापर्यंत नेऊन पोचवते. दुसऱ्या अर्थाची टीका त्या बोलण्याला नावे ठेवते. पहिला अर्थ हळूहळू ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन बसला, दुसरा मात्र आपल्या जिभेवर राहिला.

आपल्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांचे लेखन लोकांपुढे येण्याच्या जागा मोजक्याच. एक हा वार्षिक अंक, दुसरे भित्तिपत्रक आणि तिसरी वाङ्मय मंडळाची बैठक, तीही झाली तर. त्यामुळे दुसऱ्याच्या लेखनावर बोलायचे कसे हे आपण कुठे शिकतच नाही. निबंध कसा लिहावा हे शाळेत शिकवतात. दुसऱ्याचा निबंध वाचून त्याच्याशी काय बोलावे, हे मात्र कोणत्याही इयत्तेत नाही. मी गेले वर्षभर भित्तिपत्रकाच्या मंडळात आहे. या काळात जे पाहिले आणि त्या निमित्ताने जे वाचले, त्यावरून हा लेख लिहीत आहे. प्राध्यापक मंडळींनी यात काही चूक दिसली तर अवश्य दाखवावी. लेखाचा विषयच तो असल्यामुळे मला राग धरण्याची सोय नाही.

पहिली गोष्ट जागेची. दुसऱ्याच्या मजकुरात आपला मजकूर मिसळू नये. ही काही आजची शिकवण नव्हे. ज्ञानेश्वरीच्या प्रती हाताने उतरवल्या जात असताना लोकांनी आपापल्या ओव्या तिच्यात घुसवल्या. कोणी भक्तीने, कोणी हौसेने, तर कोणी आपल्याला अधिक कळते म्हणून. तेव्हा शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी निरनिराळ्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला आणि पुन्हा कोणी यात आपली ओवी घालू नये अशी ताकीद देऊन ठेवली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, नाथ स्वतः थोर कवी होते. ज्ञानेश्वरीवर त्यांना काही सांगायचे असते तर त्यांची लेखणी कोणी धरली नसती. भागवताच्या एकादश स्कंधावर त्यांनी केवढी मोठी टीका लिहिली! पण ती लिहिली स्वतःच्या ग्रंथात. दुसऱ्याच्या ग्रंथाशी त्यांनी केले ते केवळ पुसण्याचे आणि जपण्याचे काम.

आपल्या ग्रंथालयातली पुस्तके उघडून पाहावीत. समासात पेन्सिलीने (कधी पेनानेसुद्धा) काय काय लिहिलेले असते! "महत्त्वाचे", "परीक्षेला येणार", "बकवास", आणि एका कादंबरीत तर पान बाराव्यालाच "शेवटी नायिका मरते" असे लिहून ठेवलेले मला सापडले. त्या उपकारकर्त्याला मी अजून शोधतो आहे.

आता मूळ विषयाकडे येतो. भित्तिपत्रकाच्या एका अंकात प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने 'आईचं खुरपं' नावाचा दीड पानी लेख दिला होता. नाव सांगत नाही, कारण तिला ते आवडणार नाही. तिची आई भांगलणीला जाते. लेखात फार काही घडत नव्हते. सकाळी खुरपे कमरेला कसे खोचतात, त्याची मूठ किती वर्षांची आहे, कारखान्याचा हंगाम नसताना रोज कसा मिळतो आणि कसा चुकतो, असे साधे वर्णन होते. पण त्यात एक वाक्य असे होते की, आईच्या तळहाताला पडलेला घट्टा आणि खुरप्याच्या मुठीला पडलेला खळगा ही एकमेकांना जुळतात. मी ते वाक्य वाचून बराच वेळ फळ्यापुढे उभा होतो. माझे वडील दुसऱ्याच्या उसाची दारे धरतात. फावड्याचा दांडा आणि हात यांचे नाते मी घरात पाहिलेले आहे, पण हे मला कधी सुचले नव्हते.

तिसऱ्या दिवशी त्या लेखावर लाल पेनाने गोल काढलेले दिसले. 'पानी', 'आनि', 'कोन' असे तीन-चार शब्द घेरलेले होते आणि खाली लिहिले होते, "न आणि ण यांतील फरक शिकून मग लिहावे." त्याखाली दुसऱ्या अक्षरात, "हे साहित्य की शेतीची बातमी?" दोन्हींखाली नाव नव्हते. पुढच्या अंकासाठी आम्ही तिच्याकडे लेख मागायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "मला नीट लिहिता येत न्हाई." आणि तिने बोलणे संपवले.

यात चुका दाखवणाराचे काय चुकले? ते शब्द अशुद्ध होतेच की, असे आमच्या मंडळातल्याच एका मित्राचे म्हणणे पडले. त्याच्याशी माझा वाद झाला. तो पूर्ण चुकीचा होता असे मला आजही वाटत नाही. शुद्धलेखनाला महत्त्व नाही असे मी म्हणणार नाही. माझ्यासारख्या, ज्याच्या घरात आधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्याला तर ते जास्तच शिकून घ्यावे लागते, कारण पुढे नोकरीच्या अर्जावर कोणी दया दाखवणार नाही. प्रश्न असा आहे की ते कोणी, केव्हा, कुठे सांगावे. चूक ही लेखकाची खाजगी बाब आहे. ती त्याला बाजूला घेऊन, चिठ्ठीने, किंवा लेख लागण्यापूर्वीच सांगता येते. खरे म्हणजे ते काम आमच्या मंडळाचे होते. लेख हा सर्वांचा झाला. तेव्हा लेखाबद्दल जे बोलायचे ते सर्वांपुढे बोलावे. इथे नेमके उलटे झाले. खाजगी गोष्ट चव्हाट्यावर मांडली गेली आणि जे चारचौघांत बोलायला हवे होते, त्या घट्ट्याच्या वाक्याबद्दल कोणी अवाक्षरही काढले नाही.

शिवाय 'न' आणि 'ण' यांचा हा झगडा आपल्याकडे नवा नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली आणि तिचे ८४ अंक काढले. मराठी गद्याला त्यांनी जे वळण लावले त्याबद्दल त्यांचे ऋण कोणी नाकारणार नाही. परंतु याच 'निबंधमाले'त त्यांनी जोतीराव फुल्यांच्या लेखनाची जी थट्टा केली, तीत फुल्यांच्या भाषेवर आणि व्याकरणावर भर होता. 'गुलामगिरी' १८७३ साली प्रसिद्ध झाली होती. त्या पुस्तकातले विचार पटत नसतील तर ते खोडून काढण्यास शास्त्रीबुवांसारखा विद्वान समर्थ होता. व्याकरणाची चूक काढल्याने युक्तिवाद खोटा ठरत नाही. तो जागच्या जागीच राहतो. आज दीडशे वर्षांनी आपण 'गुलामगिरी' वाचतो ती तिच्यातल्या व्याकरणासाठी नव्हे. अर्थात् फुले काही या थट्टेने लिहायचे थांबले नाहीत. पण प्रत्येकजण जोतीराव नसतो. प्रथम वर्षाला असलेली, भांगलणीला जाणाऱ्या बाईची मुलगी तर नसतेच.

त्याच फुल्यांनी दुसऱ्याच्या म्हणण्याला नकार कसा द्यावा याचा एक नमुना ठेवला आहे. तो मला फार आवडला. १८८५ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची दुसरी सभा भरायची होती. न्यायमूर्ती रानड्यांनी फुल्यांना निमंत्रण पाठवले. फुल्यांनी येण्यास नकार देणारे पत्र लिहिले. ते त्या वर्षी जूनमध्ये 'ज्ञानोदया'त छापून आले. पत्राची सुरुवात पाहा. आपले पत्र मिळाले, ते वाचून आनंद झाला, असे म्हणून ते सुरू होते. नंतर मात्र कसलीही भीडभाड नाही. जे लोक इतरांचे मानवी हक्क आपखुशीने देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगून टाकले. आपण बहुधा उलटे करतो. सुरुवातीलाच आवाज चढवतो आणि कारण विचारले की गुळमुळीत बोलतो. फुल्यांनी आदर पत्राच्या मायन्यात ठेवला आणि विरोध मुद्द्यात. दोघांची जागा बदलली नाही.

बारामतीचेच एक उदाहरण सांगतो. मोरोपंत हे जन्माने पन्हाळ्याचे, पण बारामतीकर नाईकांच्या आश्रयाने त्यांचे आयुष्य बारामतीत गेले. १७९४ साली ते वारले. सोलापूरचे राम जोशी हे त्यांच्याहून ३३ वर्षांनी लहान. कीर्तनकारांच्या, पुराणिकांच्या घरात जन्मून ते तमाशाच्या नादी लागले, डफावर लावण्या गाऊ लागले. मोरोपंतांनी त्यांचे कवन ऐकले आणि त्यातले कवित्व ओळखून त्यांचा गौरव केला, पुढे राम जोशांनी डफ टाकून कीर्तन धरले आणि पंतांच्या आर्या गावोगाव नेल्या, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेतले खरे किती आणि मागाहून रंगवलेले किती, हे इतिहासाच्या प्राध्यापकांनी सांगावे. मला तिच्यातला पहिला भाग मोलाचा वाटतो. पंत वयाने, मानाने आणि विद्वत्तेने मोठे. पोथीत ज्यांचे नाव चालते असे. समोरचा तमासगीर. 'हे काव्यच नव्हे' असे म्हणून उठून जाणे सर्वांत सोपे होते आणि त्यांना कोणी दोषही दिला नसता. पण त्यांनी आधी ऐकून घेतले. मग जे चांगले होते त्याला चांगले म्हटले. दुसरा भाग मात्र मला खटकतो. राम जोशांना आज आपण आठवतो ते त्यांच्या लावण्यांसाठीच. चांगला अभिप्रायसुद्धा लेखकाला त्याच्या वाटेवरून आपल्या वाटेवर ओढू पाहतो, हा त्यातला धोका आहे. "तू असे लिहिण्यापेक्षा ग्रामीण कथा लिही", "तू कविता सोड, ललित लिही" असे सल्ले आपणही देतच असतो. लेखकाने काय लिहावे हे त्याचे त्याने ठरवावे. त्याने जे लिहिले आहे ते कसे उतरले, एवढेच आपण सांगावे.

शाहिरांचा विषय निघालाच आहे तर कलगी-तुऱ्याचे सांगायला हवे. तुरेवाले शिवाला मोठे मानणार, कलगीवाले शक्तीला. दोन्ही फड समोरासमोर बसत आणि एकाने कवनातून सवाल टाकला की दुसऱ्याने कवनातूनच जवाब द्यायचा. रात्र रात्र हा झगडा चाले. माझ्या आजोबांच्या पिढीने असे सामने ऐकलेले आहेत. त्यात चिमटे असत, टोमणे असत, कधी कधी अंगावर येण्याइतकी भाषा कडक होई. तरी एक बंधन पक्के होते. जो सवाल विचारला त्याचाच जवाब द्यायचा. सवाल एक आणि जवाब भलताच, असे झाले की श्रोते समजायचे, हा फड हरला. आपल्याकडच्या चर्चा ऐकताना मला या बंधनाची फार आठवण येते. लेख पाणीवाटपावर असतो आणि अभिप्राय लेखकाच्या आडनावावर. लेख वसतिगृहातल्या जेवणावर आणि अभिप्राय "तुझ्या घरी काय पंचपक्वान्ने असतात काय?" असा. समोरच्याने काय म्हटले ते आधी आपल्या शब्दांत सांगून मग उत्तर द्यायचे, एवढा जरी नियम स्वतःला घालून घेतला तरी निम्मे अभिप्राय लिहिण्यापूर्वीच विरून जातील. कारण काय म्हटले हे सांगण्यासाठी लेख शेवटपर्यंत वाचावा लागतो!

निंदेचे इतके झाले, आता स्तुतीचे. "छान", "अप्रतिम", "असेच लिहीत राहा" हे शब्द आपण चहाच्या कपासारखे पुढे करतो. घेणाऱ्यालाही बरे वाटते, देणाऱ्यालाही काही पडत नाही. मोबाईलवर तर नुसता अंगठा दाखवला की भागते. पण ज्याने रात्र जागून लिहिले त्याला यातून काय कळले? आपल्या लेखातले कोणते वाक्य वाचकाला लागले, कुठे तो अडखळला, कुठे कंटाळला, हे त्याला समजले तर पुढच्या वेळी उपयोग. 'सत्यकथा' मासिकाबद्दल आमच्या मराठीच्या तासाला ऐकले आणि नंतर वाचले. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे त्याचे संपादक. आलेल्या कथेवर लेखकाला सविस्तर पत्र लिहिण्याबद्दल, पुन्हा पुन्हा लिहून घेण्याबद्दल त्यांचा लौकिक होता. १९८२ मध्ये ते मासिक बंद पडले. कुठल्यातरी खेड्यातल्या नवख्या लेखकाला मुंबईहून आपल्या कथेवर असे पत्र येत असेल, तेव्हा त्याला काय वाटत असेल याची कल्पना मी करू शकतो. 'छान' या एका शब्दापेक्षा "पान तीनवर मुलगा घरातून निघतो पण का निघतो ते मला कळले नाही" हे वाक्य शंभर पटीने अधिक आदराचे आहे. त्यात वाचणाराने वेळ दिलेला दिसतो.

अर्थात् 'सत्यकथे'चीही दुसरी बाजू आहे. १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी 'सत्यकथे'चा अंक जाळून निषेध केला. अंक जाळणे हा अभिप्राय म्हणायचा का? माझ्या मते जाळण्याने मजकुराला उत्तर मिळत नाही. परंतु ढाल्यांनी नुसतेच जाळले नाही. त्यांनी ते मासिक बारकाईने वाचले होते, त्यावर 'सत्यकथेची सत्यकथा' हा लेख लिहिला आणि खाली स्वतःचे नाव घातले. न वाचता नावे ठेवणारे आणि वाचून चिडणारे यांत मी दुसऱ्यांना केव्हाही वरचा मान देईन.

चिडण्याचा अधिकार वाचकाला आहेच. सभ्यतेच्या नावाखाली राग गिळावा असे मी मुळीच सुचवत नाही. तसे असते तर ताराबाई शिंद्यांचे पुस्तक आपल्याला मिळालेच नसते. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर बालहत्येचा खटला झाला. त्या निमित्ताने 'पुणे वैभव' पत्रातून स्त्रियांना दूषणे देणारे लेखन आले. बुलढाण्याच्या ताराबाईंनी ते वाचले आणि १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' हे उत्तर छापून काढले. पुस्तकाची भाषा तिखट आहे. वाचताना अजूनही चटका बसतो. पण त्या रागाचे एक वैशिष्ट्य आहे. स्त्रियांवर जो दोष ठेवला, तो एकेक दोष त्या उचलतात आणि हाच दोष पुरुषात नाही काय असे विचारतात. म्हणजे कलगी-तुऱ्याचाच नियम झाला: सवाल तोच, जवाब त्याचाच. या पुस्तकावर हल्ले झाले तेव्हा जोतीरावांनी १८८५ मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक मात्र पुढे आलेले नाही. त्याचे कारण मी सांगू शकत नाही. पण ज्या बाईला एवढे लिहिता येत होते तिचे एकच पुस्तक आपल्या हाती उरावे, ही रुखरुख राहते. आपल्या भित्तिपत्रकाच्या फळ्याजवळून जाताना ती मला जास्त जाणवते.

नावाविषयी थोडे. अभिप्रायाखाली नाव असावे की नसावे यावर आमच्या मंडळात दोन तट आहेत. निनावी लिहिण्याला आपल्याकडे थोर परंपरा आहे असे एकजण म्हणाला. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात जी पत्रे लिहिली, ती 'लोकहितवादी' या नावाने. ती 'शतपत्रे' म्हणून प्रसिद्ध असली तरी संख्येने १०८ आहेत. तेव्हा देशमुख पंचविशीतले होते आणि सरकारी नोकरीत होते. समाजातल्या बलिष्ठ रूढींवर त्यांनी झोड उठवली. टोपणनाव ही त्यांची ढाल होती हे खरे. पण ढाल कोणापुढे धरायची? ज्याच्या हाती तलवार आहे त्याच्यापुढे. फळ्यावरच्या दीड पानी लेखाच्या मुलीपुढे ढाल घेऊन उभे राहण्यात कसले शौर्य आहे? शिवाय टोपणनाव सतत एकच असल्यामुळे त्याला प्रतिष्ठा येते, जबाबदारीही येते. लाल पेनाला ती नसते. वृत्तपत्रेसुद्धा वाचकांची पत्रे छापताना खाली नाव-गाव देतात, ते उगीच नव्हे. नाव लिहायचे म्हटले की माणूस एकदा तरी थांबतो.

व्यक्तीवर घसरू नये हे सर्वांना पाठ आहे आणि पाळणे सर्वांत कठीण आहे. टिळक आणि आगरकर यांनी १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. एवढे जिवाभावाचे मित्र! पण पुढे मते फुटली, आगरकरांनी 'केसरी' सोडून १८८८ मध्ये 'सुधारक' काढला आणि दोन्ही पत्रांतून झालेला वाद कित्येकदा तत्त्वावरून माणसावर घसरला. १८९५ मध्ये आगरकर गेले, तेव्हा 'केसरी'त मृत्युलेख लिहिण्याची पाळी टिळकांवर आली. एवढ्या मोठ्या माणसांना जे साधले नाही ते आपल्याला साधेल असा माझा दावा नाही.

ज्याच्या लेखनावर अभिप्राय येतो त्यानेही काही पथ्ये पाळायला हवीत. प्रत्येक अभिप्रायाला उत्तर दिलेच पाहिजे असे नाही. चूक दाखवली आणि ती खरी असेल तर 'बरोबर आहे' म्हणून दुरुस्त करावी, विषय तिथेच संपतो. आणि कोणी आपल्याला न कळणारे बोलले तर त्याचा अर्थ विचारावा. अर्थ न विचारता धरलेला राग फार दिवस टिकतो, असे दिसते.

मी जे लिहितो ते घरी आजीला वाचून दाखवतो. तिला अक्षरओळख नाही. तिला शुद्ध-अशुद्ध कळत नाही आणि 'छान' म्हणायची तिला सवय नाही. नीरेला पूर आला होता त्यावेळी पलीकडच्या, माळशिरसच्या बाजूला अडकलेल्या एका बाळंतिणीची हकीगत मी लिहिली होती. पूर, पाण्याचा रंग, आभाळ यांचे मी दोन पाने वर्णन केले होते. आजीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग त्या बाईचं फुडं काय झालं रं?" मी पाहिले तर बाळंतीण दुसऱ्या पानावरच माझ्या हातून निसटली होती! पुराच्या वर्णनात मी तिला विसरलो, हे आजीने एका प्रश्नात दाखवले आणि मला वाईटही वाटू दिले नाही. इतका उपयुक्त अभिप्राय मला आजवर मिळालेला नाही. तो प्रश्न होता हे त्याचे खरे कारण. प्रश्न विचारला की लेखकाला दार उघडे राहते. निकाल दिला की ते बंद होते.

भित्तिपत्रक मंडळाने एवढ्यात एक साधी गोष्ट केली आहे. प्रत्येक लेखाच्या शेजारी एक कोरा कागद टाचणीने लावतो. अभिप्राय लेखावर न लिहिता त्या कागदावर लिहावा, खाली नाव आणि वर्ग लिहावा, अशी सूचना वर आहे. शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या लेख लागण्यापूर्वी आमच्यापैकी दोघेजण लेखकाबरोबर बसून करतात. लेखकाने मुद्दाम बोलीतले शब्द ठेवले असतील तर ते तसेच राहू देतात. पहिल्या महिन्यात बहुतेक कागद कोरेच राहिले. नाव लिहायचे म्हटल्यावर लाल पेनही कुठे गेला कळले नाही. दुसऱ्या महिन्यात एका कवितेच्या कागदावर चार अभिप्राय आले. त्यांतला एक वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याचा होता आणि त्याने कवितेतल्या बाजारभावाची चूक दाखवली होती. कवीने भाव बदलला. 'आईचं खुरपं'च्या लेखिकेला मी दोनदा भेटलो. घट्टा आणि मुठीच्या खळग्याचे ते वाक्य मला पाठ झाले आहे, हे तिला सांगितले. ती "बघू" म्हणाली आहे.

या वार्षिक अंकातील लेखांवर ज्यांना लिहायचे असेल त्यांच्यासाठी ग्रंथालयात देवघेव खिडकीपाशी एक पेटी ठेवली आहे. कागद तिथेच मिळेल. पेन आपला आणावा. निळा किंवा काळा.